सर्वांत मोठा आवाज कोणत्या हॉर्नलाइनचा? आणि सर्वांत थोर कोणती?

मेलोफोनची आई

माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. शाळेच्या बँडमध्ये मेलोफोन (चालताना वाजवायचं, फ्रेंच हॉर्नसारखं वाद्य) वाजवते आणि येत्या हिवाळ्यात एखाद्या ड्रम कॉर्प्सच्या ऑडिशनला जायचं म्हणते. ड्रम कॉर्प्स म्हणजे ब्रास, म्हणजे पितळी फुंकवाद्यं, आणि ढोल घेऊन मैदानावर चालत शो करणारं तरुणांचं पथक; त्यातल्या ब्रासवाल्यांची फळी ती हॉर्नलाइन. तिच्यामुळे २०२४ च्या ऑगस्टमध्ये मी पहिल्यांदा इंडियानापोलिसला लुकस ऑइल स्टेडियममध्ये डीसीआयची, म्हणजे ड्रम कॉर्प्स इंटरनॅशनलच्या स्पर्धेची, फायनल ऐकली. त्या वर्षी ब्लूकोट्स जिंकले. परत येताना गाडीत जो वाद सुरू झाला तो आजतागायत मिटलेला नाही.

मुलगी आणि तिच्या मैत्रिणी फोनवर डेसिबल मोजायचं अ‍ॅप लावून बसल्या होत्या. एका कॉर्प्सला १०४ आले, दुसऱ्याला १०१. त्यांच्या मते निकाल तिथेच लागला. शेजारी साठीचे एक गृहस्थ होते, अंगात मॅडिसन स्काउट्सचं जुनं जॅकेट. ते मला म्हणाले, हे सगळं छानच आहे, पण तुम्ही पंचाण्णवचं मॅडिसन ऐकायला हवं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मला पुढे विचारवेना.

इथे कोणी वाजवलेलं आहे का? सर्वांत मोठा आवाज आजवर कोणाचा झाला? सर्वांत थोर हॉर्नलाइन म्हणजे तीच, की वेगळी? आणि हे मोजता येतं का?

जी बॅरिटोन

मी १९९३ ते १९९६ अशी चार वर्षं अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या एका लहान कॉर्प्समध्ये बॅरिटोन (मधल्या-खालच्या पट्टीचं हॉर्न) वाजवला. एकविसाव्या वर्षी एज-आउट झालो, म्हणजे वयाची मर्यादा संपली. फायनलच्या पहिल्या बारांत आमचा नंबर एकदाही लागला नाही. पण दर उन्हाळ्यात आपला शो संपला की बाकीच्यांचे ऐकायला मिळायचे, आणि तेच माझं खरं शिक्षण झालं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी अ‍ॅपबद्दल. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलनं उतरतो. एखादा मोठा स्वर हॉर्नलाइनने पुढच्या रेषेवर येऊन वाजवला आणि दुसरीने मागच्या कोपऱ्यातून वाजवला, तर १०४ आणि १०१ मधला फरक तिथेच संपला. छताखाली घुमण्यामुळे हिशोब आणखी बिघडतो. शिवाय फोनचा माइक इतक्या वरच्या पातळीला फार भरवशाचा नसतो. मुलींनी मोजलं ते चांगलंच केलं, पण त्यावर निकाल देऊ नये.

आता संख्येचं बघा. माझ्या काळात पूर्ण कॉर्प्सला १२८ जणांची मर्यादा होती. पुढे ती वाढत गेली, २०१८ मध्ये १५४ झाली. लोकांना वाटतं, हॉर्न वाढले म्हणजे आवाजही तितकाच वाढला असणार. पण ६४ हॉर्नचे ८० केले तरी सगळे तितक्याच जोरानं वाजवत असताना वाढ होते जेमतेम १ डेसिबल. ती कानाला धड कळतही नाही. म्हणजे आवाज कुठून तरी दुसरीकडूनच येतो.

कुठून येतो, ते मला १९९४ च्या जुलैत ओहायोतल्या एका शाळेच्या मैदानावर कळलं. रात्रीचे नऊ वाजून गेले होते. दिवसभर उन्हात ड्रिल झालेलं, ओठ सुजलेले. आमचे ब्रासचे मास्तर आम्हाला अर्धवर्तुळात उभं करून एकच गोष्ट करवत होते. कॉन्ट्राबासनी (सर्वांत खालच्या पट्टीच्या हॉर्ननी) षड्ज धरायचा, बॅरिटोननी षड्ज आणि पंचम. बाकी कोणी वाजवायचं नाही. जोर लावायचा नाही, शेजाऱ्याचा सूर आपल्या सुराच्या वर ऐकू आला पाहिजे इतकंच वाजवायचं. आमच्याकडे दोन व्हॉल्व्हची, म्हणजे बोटांनी दाबायच्या दोन झडपांची, जी सुरातली जुनी ब्युगल होती. डीसीआयनं १९९० पासून तीन व्हॉल्व्हना परवानगी दिली होती, पण नवा संच घेण्याइतके पैसे आमच्या कॉर्प्सकडे नव्हते. त्या वाद्यांवर अर्धे सूर ओठांनीच जागेवर आणावे लागायचे. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. आणि एकदम डोक्यावर, हवेत, तिसराच एक सूर वाजायला लागला. उंच, स्वच्छ. मी चिडून सोप्रानोंकडे, म्हणजे सर्वांत उंच पट्टीच्या हॉर्नवाल्यांकडे, पाहिलं, की कोण आगाऊपणा करतंय. सगळ्यांचे हॉर्न खाली होते.

रविवारी पब्लिक फोनवरून आईला हे सांगितलं. ती लग्नाआधी गाणं शिकलेली. ती म्हणाली, "अरे, तो स्वयंभू गंधार. तंबोरा नीट लागला की असाच ऐकू येतो. तो कोणी वाजवत नाही."

मोठ्या आवाजाचं मूळ मी तिथे धरतो. सूर नेमके जुळले की प्रत्येक वाद्यातले वरचे स्वरांश, म्हणजे मूळ सुरात मिसळलेले उंच सूर, एकमेकांवर बसतात आणि कान ते एकत्र घेतो. थोडे जरी हलले की तीच ताकद एकमेकांत घासून विस्कटते. त्याच्या जोडीला दुसरी गोष्ट: ब्रास वाद्यात जोरानं फुंकलं की नळीतली लाट पुढे जाता जाता टोकदार होत जाते आणि वरचे स्वरांश एकदम झळाळतात. आवाजाला जी धार येते ती हीच. सगळ्यांची धार एकाच क्षणी आली तर अंगावर काटा येतो. एकानं आधी, दुसऱ्यानं नंतर मर्यादा ओलांडली तर नुसता कर्कशपणा. आवाज मोठा करायला फुप्फुस लागतं हे खरंच, पण साठसत्तर जणांनी एकाच जागी थांबायला फार मोठी शिस्त लागते.

तर माझं उत्तर. तुमच्या शेजारच्या गृहस्थांचं बरोबर आहे. मी ऐकलेला सर्वांत मोठा आवाज मॅडिसन स्काउट्सचा, ऑगस्ट १९९५, बफेलोचं रिच स्टेडियम. ती फायनल कॅव्हेलिअर्सनी जिंकली. आम्ही वरच्या मजल्यावर बसलो होतो, स्वतःच्या कॉर्प्सची जॅकेटं घालून. मॅडिसननं तो कार्यक्रम सरळ प्रेक्षकांसाठी बांधला होता, लॅटिन रंगाचा. १९८८ साली मालागेन्या वाजवून ते जिंकले होते, त्याच घराण्यातला. शेवटी हॉर्न वर झाले, घंटा (हॉर्नची रुंद तोंडं) थेट आमच्याकडे. माझ्या मागच्या ओळीत आमचा एक कॉन्ट्रावाला होता. चार वर्षं तो स्वतः तसल्या खर्जात उभा राहिलेला. त्यानं दोन्ही हात कानांवर ठेवले आणि लगेच काढूनही घेतले. त्याला ते चुकवायचं नव्हतं. मैदानापासून इतक्या वर, उघड्या आकाशाखाली, एकाही माइकशिवाय.

थोर मात्र मी दुसऱ्याच हॉर्नलाइनला म्हणतो. स्टार ऑफ इंडियाना, १९९३.

माझं पहिलंच वर्ष. जॅक्सन, मिसिसिपी. ती दमट रात्र मला आजही आठवते. स्टारनं बार्बरचं मिडिया आणि बार्टोकचं तंतुवाद्यं, तालवाद्यं आणि चेलेस्टा यांच्यासाठीचं संगीत घेतलं होतं. अठरा वर्षांचा मी, मला वाटलं, हे वाजवत का नाहीत? इतके चांगले हॉर्न आणि कुजबुज करतात? माझ्या आजूबाजूच्या बऱ्याच जणांना तो शो आवडला नव्हता. बर्गन काउंटीचे कॅडेट्स जिंकले, स्टार फक्त एक दशांश गुणानं मागे राहिलं, आणि मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. त्यानंतर स्टारनं स्पर्धाच सोडली. पुढे त्यातूनच ब्लास्ट हा रंगमंचावरचा कार्यक्रम उभा राहिला.

वर्षभरानं ओहायोतली ती रात्र आली आणि मग मी स्टारची टेप पुन्हा लावली. वेगळंच ऐकू आलं. पळता पळता, शरीर वाकवत, इतक्या हळू आवाजात साठसत्तर माणसं एकत्र सुरू करतात आणि एकत्र थांबतात, आणि एकाही सुराची कड फुटत नाही. जे वाजवतात त्यांना विचारा, जोरात वाजवण्यापेक्षा हे किती कठीण आहे. आणि त्या कुजबुजीतून ते जेव्हा उसळतात, तेव्हा मॅडिसनपेक्षा डेसिबल कमी असूनही दचकायला होतं, कारण कान तोवर पूर्ण उघडलेला असतो. हे मला अठराव्या वर्षी कळलं नाही याचं आजही वाईट वाटतं. मी तिथे प्रत्यक्ष हजर होतो.

लीड ट्रम्पेट

काका, तुमचं सगळं मान्य, पण तुमची यादी नव्वदीत येऊन थांबते. मी २०१५ ते २०१७ ट्रम्पेट वाजवला, म्हणजे बी फ्लॅटमध्ये. २००० पासून कोणत्याही सुरातली ब्रास वाद्यं चालू लागली, तेव्हा जी ब्युगल मी फक्त कपाटातच पाहिलं.

माझ्यासाठी कॅरोलिना क्राउन. २०१३ चा शो तुम्ही ऐकलाच असेल, ई इज इक्वल टू एमसी स्क्वेअर, त्यात फिलिप ग्लासच्या आइनस्टाइन ऑन द बीचमधली ती अखंड धावती स्वरावली. अख्खी हॉर्नलाइन जीभ मारत पळतेय आणि एकही अक्षर पुसट होत नाही. ते त्यांचं पहिलं विजेतेपद. पण मला पटलं ते २०१५ मध्ये, वॉर्म-अपच्या पार्किंग लॉटमध्ये. ते त्यांचं इन्फर्नोचं वर्ष. आमचा वॉर्म-अप उशिरा होता म्हणून मी त्यांच्या वर्तुळाच्या अगदी मागे जाऊन उभी राहिले. समोर नव्हे, मागे. घंटा माझ्यापासून उलट दिशेला. तरीही तो कॉर्ड, म्हणजे सगळ्यांचे एकत्र वाजलेले सूर, डांबरातून पायांत आला. तिथे ना छत होतं, ना स्पीकर. लोक म्हणतात आजच्या कॉर्प्स इलेक्ट्रॉनिक्समुळे मोठ्या वाटतात, त्यांनी एकदा लॉटमध्ये यावं.

आणि तुमचा मुद्दा माझ्याच बाजूनं जातो. क्राउनची हॉर्नलाइन घडवणारे मॅट हार्लॉफ स्वतः स्टारमध्ये वाजवलेले. तुम्ही ज्याला थोर म्हणता तेच पुढे आलंय, जास्त माणसांत आणि जास्त कठीण स्वररचनेत. मग क्राउन जास्त थोर का नाही?

जुना प्रेक्षक

मी कधी वाजवलं नाही. १९७९ मध्ये अटलांटात शिकायला आलो, तेव्हा एका वर्गमित्रानं स्पिरिट ऑफ अटलांटाच्या सरावाला नेलं. कॉर्प्स उभी राहून तीनचार वर्षंच झाली होती. मला ब्रास म्हणजे लग्नाच्या वरातीतलाच माहीत. त्या दिवशी गवतावर बसून जो आवाज ऐकला त्याला मी अजून विशेषण शोधतोय. तो जाड होता आणि गरम होता, धारदार नव्हता. एकदम पुढ्यात येऊन उभा राहायचा.

त्यांच्यासाठी संगीत बांधून देणारे अरेंजर जिम ऑट. ते १९८० मध्ये मोटार अपघातात गेले, फार तरुण वयात. आज डीसीआयचं सर्वोत्तम ब्रासचं पारितोषिक त्यांच्याच नावानं दिलं जातं. नव्या मुलांना हे नाव ढालीवर दिसतं, त्यामागचा आवाज माहीत नसतो. म्हणून मोठ्या आवाजाची गोष्ट निघाली की स्पिरिटचं नाव घ्यायलाच हवं. तेव्हा गुणपद्धतही वेगळी होती. १९८३ पर्यंत चूक दिसली की दशांश कापला जायचा. अशा पद्धतीत इतकं मोकळं वाजवायला छाती लागते.

ब्लू डेव्हिल्सचं नाव कोणीच कसं घेतलं नाही, याचं आश्चर्य वाटलं.

जी बॅरिटोन

ब्लू डेव्हिल्स राहिले ही माझी चूक. त्यांचे ब्रासचे मास्तर वेन डाउनी यांनी कॅलिफोर्नियातल्या कॉनकॉर्डमध्ये दशकानुदशकं एकच ब्रासचा आवाज जपला. १९७६ च्या पहिल्या विजेतेपदापासून २०१४ च्या ९९.६५ गुणांपर्यंत, आणि तो आकडा डीसीआयमधला सर्वोच्च आहे. त्यांच्याकडे जॅझचा एक सैलसर डौल आहे. कष्ट दिसत नाहीत, म्हणून लोक त्यांना मोठ्या आवाजाच्या यादीत घालायला विसरतात. १९९६ ला ऑर्लँडोत ते आणि रॉकफर्डची फँटम रेजिमेंट बरोबरीत पहिले आले. ती माझी शेवटची रात्र, सकाळी गणवेश परत करायचा होता. फँटमनी शोस्ताकोविच वाजवला. रॉकफर्डवाल्यांचा आवाज काळा असतो, खालून वर येणारा. कॉन्ट्रा आणि बॅरिटोन जमीन धरतात आणि सोप्रानो त्यावर उभे राहतात. बॅरिटोनवाला म्हणून मला तो मॅडिसनपेक्षा जवळचा वाटतो. मोठेपणात मात्र मॅडिसन पुढेच.

स्पिरिटबद्दल वाचून फार बरं वाटलं. मी त्यांना फक्त रेकॉर्डिंगवर ऐकलंय, आणि रेकॉर्डिंगवर मोठ्या आवाजाचा न्याय होत नाही. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला हळू आणि जोरात यांतलं अंतर आवळावंच लागतं. फोनवरचे व्हिडिओ तर आपोआप आवाज खाली ओढतात. त्यामुळे तुम्ही गवतावर बसून जे ऐकलंत त्यावर मी वाद घालणार नाही.

आता ट्रम्पेट, तुझा प्रश्न. लॉटमधली गोष्ट मी पूर्ण मानतो. घंटेच्या मागे उभं राहून कॉर्ड पायांत येणं म्हणजे खर्ज खरोखर भरलेला आहे. वरचे स्वरांश घंटेच्या दिशेनं सरळ जातात, खालचे चहूकडे पसरतात. मागून पोकळ वाटणाऱ्या हॉर्नलाइन मी खूप ऐकल्यात. तांत्रिक अवघडपणात २०१३ चं क्राउन स्टारच्या पुढे आहे, हेही मान्य. त्या ग्लासमध्ये श्वास कुठे घेतात ते मला अजून सापडलेलं नाही.

माझी अडचण स्टेडियमच्या आतली आहे. २००९ पासून फायनल लुकस ऑइलमध्ये होते आणि त्याच वर्षापासून सिंथला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्डला, परवानगी आहे. ट्युबांच्या खाली सिंथचा खर्ज घातला की मला कळेनासं होतं, की मला आवडतंय ते मुलांचं आहे की स्पीकरचं. जी मुलं स्वतःच तो खर्ज भरू शकतात त्यांच्यावर हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. क्राउनच्या ट्युबा तशा होत्या, हे तूच आत्ता सांगितलंस. स्टारला मी वर ठेवतो, कारण त्यांच्याकडे लपायला कुठेही जागा नव्हती आणि तरीही त्यांनी हळू वाजवायचं निवडलं. हे माझं मत, त्यात माझं अठरावं वर्ष मिसळलेलं आहे हे मला माहीत आहे. तुझं २०१५ तुझ्यापाशी राहू दे.

लीड ट्रम्पेट

सिंथबद्दल मीही तुमच्याच बाजूची. आमच्या ट्युबावाल्यांना ते फार लागायचं. सराव दिवसभर उघड्यावर, आणि रात्री स्टेडियममध्ये आपला सूर आपल्यालाच ऐकू येत नाही. श्वासाचं सांगते. हे सगळ्याच हॉर्नलाइन करतात: प्रत्येकाला वेगळी जागा नेमून दिलेली असते, शेजारी घेतो तेव्हा आपण घ्यायचा नाही, आणि परत येताना सुराच्या मध्यात हळूच शिरायचं. कागदावर लिहून घ्यायचो आम्ही.

मेलोफोनची आई

मी हे सगळं मुलीला मोठ्यानं वाचून दाखवलं. गंधाराशी आल्यावर तिनं मला थांबवलं आणि ती गॅरेजमध्ये निघून गेली. तिथे आता तिच्या तीन मैत्रिणी आहेत, दोन बॅरिटोन, एक ट्युबा. तासभर एकच सूर चाललाय.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. पुढच्या वेळी स्टेडियममध्ये बसायचं कुठे? आणि कानांचं काय? ऑडिशनचं ठरलं तर ती उन्हाळाभर या आवाजात उभी राहणार.

जी बॅरिटोन

पुढच्या ओळी टाळा. तिथे पिटचे, म्हणजे मैदानाच्या पुढच्या कडेला मांडलेल्या तालवाद्यांचे, मॅरिंबा आणि स्पीकर आधी कानावर येतात आणि ब्रास मागे पडतो. मध्यरेषेच्या आसपास, जितकं वर परवडेल तितकं. कॉर्प्स मोठ्या स्वराला घंटा वरच्या मजल्याकडे रोखतात, सगळं तिथे येऊन मिळतं. मैदानाची खोली सुमारे ४९ मीटर, म्हणजे मागच्या रेषेवरचा आवाज पुढच्या रेषेपर्यंत यायला सेकंदाचा सातवा भाग लागतो. म्हणून पुढची मुलं कानावर विसंबून वाजवत असतील तर मागून येणाऱ्या आवाजाची वाट बघतात, आणि मागची मुलं थांबत नाहीत. वरून बसून पाहिलंत तर हे डोळ्यांनाही दिसेल.

कानांचं आजच ठरवा, ऑडिशनपर्यंत थांबू नका. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं उरतात. संगीतकारांसाठी सगळे स्वर सारखेच खाली आणणारे प्लग मिळतात, ते घालून सूर जुळवता येतो. फेसाचे साधे प्लग वरचे स्वरांश जास्त खातात, त्यात गंधार ऐकू येणार नाही. आमच्या वेळी कोणी सांगितलं नाही. माझ्या डाव्या कानात १९९६ पासून बारीक शिटी आहे, शेजारी सोप्रानो उभे असायचे त्या बाजूला.

गॅरेजमध्ये एक सांगा त्यांना. ट्युबाला षड्ज, एका बॅरिटोनला षड्ज, दुसरीला पंचम, आणि मेलोफोननं फक्त ऐकायचं. पंचम पियानोच्या पंचमापेक्षा किंचित वर लागतो, तिथे सावकाश सरकू द्या.

मेलोफोनची आई

पंचम वर सरकवला. मला काही कळलं नाही, पण चौघी एकदम गप्प झाल्या आणि मुलगी छताकडे बोट दाखवत होती.